काळ्या कोपऱ्यात कोण?

जर्मनीहून परत आल्यावर कॉलनीतल्या बायकांनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "एक चित्र." त्यांना वाटलं, बाई नेहमीसारखी थट्टा करतायत. थट्टा मी पुष्कळ करते, पण या वेळी खरं तेच सांगत होते. किल्ले राहिले, राजवाडे राहिले, बर्फाचे डोंगर तर विमानातूनही दिसले नाहीत. आम्ही पाहिलं ते वहीच्या पानाएवढं, काळ्या शाईतलं एक चित्र, आणि तेही दोघांत मिळून. दोघांत मिळून कसं, ते सांगायला हा सगळा खटाटोप.

आधी आमच्याविषयी. मी मिरजेच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि आमचे हे त्याच शाळेत चित्रकला. मुलांचे ते सर, मी बाई. गणिताच्या बाईला चित्रातलं काय कळतं, हे यांचं लग्नापासूनचं मत आणि चित्रकलेच्या तासाला मुलं झोपा काढतात हे माझं. निवृत्तीनंतरही दोन्ही मतं शाबूत आहेत.

यांच्या वर्गात भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं पान चौकटीत घालून लावलेलं होतं. कुठल्या दवाखान्याचं कॅलेंडर, कुणी आणलं, कुणालाच माहीत नव्हतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या कुठल्याशा जुन्या युरोपीय चित्राची ती छापील नक्कल. वादळातली संध्याकाळ, दोन्ही बाजूंना कडे, गाढवावर बसलेली आई, तिच्या शालीत तान्हं बाळ आणि पुढे काठी टेकत चाललेला म्हातारा बाप. राजाने लहान मुलं मारायचा हुकूम काढला म्हणून बाळ येशूला घेऊन हे कुटुंब परमुलखात पळून चाललंय. वसुदेव कृष्णाला टोपलीत घालून निघाला तीच तऱ्हा, फक्त टोपलीच्या जागी गाढव. वर ढग फाटलेत आणि त्यातून उजेडाचे तिरपे पट्टे लांबच्या दरीत उतरलेत. आणि खाली उजव्या कोपऱ्यात ठार काळं.

त्या काळ्या कोपऱ्यावर आमच्या शाळेतल्या मुलांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. दर वर्षी हे नव्या वर्गाला विचारायचे, "कोपऱ्यात कोण आहे?" कुणी म्हणे कुत्रा, कुणी म्हणे राजाचा शिपाई, कुणी भूत. यांचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं. तिथे एक मेंढपाळ बसलाय. तो या तिघांना बघतो, पण कुणाला सांगत नाही. मग मुलांनी पेन्सिल दाबून दाबून तो कोपरा काळा करायचा, म्हणजे मेंढपाळ नीट लपेल. मी एकदा वर्गाच्या दारातून म्हटलं होतं, "तिथे कुणी नाही. छापखान्यात शाई सांडलीय." त्यावरून घरी जे सुरू झालं ते पुढे चालूच राहिलं.

मध्यंतरी यांना काचबिंदूचं निदान झालं. लख्ख उन्हात यांना अजून बरंच दिसतं, पण उजेड कमी झाला की यांचं जग उंबऱ्याशी संपतं. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून जपायचं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मी गॅसवर दूध ठेवून तशीच उभी राहिले आणि पातेलं करपलं. हे मात्र संध्याकाळी इतकंच म्हणाले, "त्या कोपऱ्यात कोण आहे तेवढं बघून घ्यायला पाहिजे होतं."

हे वाक्य मी फोनवर अमेयला सांगितलं. अमेय आमचा जुना विद्यार्थी. सध्या कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात, यंत्रांना चित्रं ओळखायला शिकवायची, या विषयात पीएच.डी. करतोय. त्याने शाळेतल्या त्या पानाचा फोटो मागवून घेतला आणि थोड्याच दिवसांत कळवलं की मूळ चित्राची एक प्रत कोलोनच्या एका संग्रहालयात आहे, कोरणाऱ्याचं नाव अज्ञात आहे आणि आधी वेळ ठरवून गेलं तर ती काढून दाखवतात. आमची मुलगी गौरी फ्रँकफर्टजवळ बाड हॉम्बुर्गला राहते. ती कधीची या या म्हणत होतीच. यांनी आयुष्यात कधी कशाचा हट्ट धरला नव्हता. मी पासपोर्ट काढायला टाकले.

बाड हॉम्बुर्ग

गौरी, जावई निखिल आणि नात इरा एका स्वच्छ, गप्प गावात राहतात. रविवारी तर गाव इतकं गप्प की मी खलबत्ता काढल्याबरोबर गौरी धावत आली. "आई, आज नको. रूहेत्साइट असते. खालचे आजोबा लगेच वर येतील." रूहेत्साइट म्हणजे शांततेची वेळ. आमच्याकडे रविवार म्हणजे गाद्या झटकायचा, पोरांना ओरडायचा आणि मिक्सर लावायचा वार. लसणीची चटणी मी सोमवारी कुटली.

इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधून येतं. मी म्हणायचं, "इरा, दूध पी," आणि तिने काहीतरी भराभरा बोलून दूध न पिता निघून जायचं. दूध न पिणं मला कुठल्याही भाषेत कळतं, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. घोळ झाला तो चित्रावरून. कोरून छापलेल्या चित्राला जर्मनमध्ये श्टिश म्हणतात, आणि कीटकाच्या डंखालाही श्टिशच. आजोबा इतक्या लांबून श्टिश बघायला आलेत एवढंच तिच्या कानावर पडलं होतं. तिने यांचा हात धरून त्यांना बाल्कनीत नेलं आणि कुंडीकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, हिअर झिंट आउख वेस्पन."

गौरी हसत हसत म्हणाली, "बाबा, ती म्हणतेय, गांधीलमाश्या इथेही आहेत. कोलोनला कशाला जायला हवं?"

त्या दिवशी निखिलने मुद्दाम बेकरीतून बीनेनश्टिश नावाचा केक आणला. मधमाशीचा डंख असं त्या केकचं नाव. वर बदामाचे काप, मध, आत पिवळसर क्रीम. यांनी दोन तुकडे खाल्ले आणि इराला सांगितलं, "हा डंख चालेल." ती खूश झाली.

मग यांनी तिला श्टिश म्हणजे काय ते मराठीतून समजावलं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याच दिवशी नीट समजलं. यांनी गौरीच्या स्वयंपाकघरातून आमच्या लग्नातला तांब्या मागवला. लग्नातल्या भांड्यांवर आपण नावं घालून घेतो, तसं त्यावर माझ्या माहेरचं नाव कोरलेलं आहे. गौरी लग्नानंतर तो इकडे घेऊन आली होती. "बघ," हे म्हणाले, "भांडं घासताना अक्षरांत राख जाऊन बसायची. वरचं पुसलं जायचं, आतलं राहायचं. हे चित्र तसंच. पत्र्यावर रेघा कोरायच्या, शाई फासायची, वरची पुसून टाकायची आणि ओला कागद दाबायचा. रेघांतली शाई कागदावर येते. म्हणजे कोरलं की काळं, आणि कोरं राहिलं की उजेड."

हे शेवटचं वाक्य यांच्या वर्गात इतकं घोकलं जायचं की शेजारच्या वर्गात माझ्या भूमितीत शिरायचं. कोरणं आणि कोरं, दोन शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात आणि अर्थ एकमेकींच्या विरुद्ध. उजेड काढता येत नाही, तो फक्त सोडता येतो, असं ते म्हणायचे. मी मनात म्हणायची, वा, न केलेल्या कामाचे मार्क कसे मिळवावेत हे यांच्याकडून शिकावं.

कायझर्सलाउटर्न

कोलोनची भेटीची वेळ, म्हणजे गौरीच्या भाषेत टर्मिन, ठरलेली होती. त्याआधी अमेयला भेटून जायचं होतं. गौरीने रजा काढली आणि आम्ही तिघं निघालो. इरा वडिलांजवळ राहिली.

अमेय स्टेशनवर आला आणि फलाटावर, सगळ्यांसमोर, वाकून आम्हा दोघांच्या पाया पडला. एक बाई सायकल थांबवून बघायला लागली. तिला वाटलं असावं, पोराचं काहीतरी पडलंय. तीही खाली वाकून शोधायला लागली. अमेयने तिला काहीतरी सांगितलं आणि ती मान डोलावून गेली. काय सांगितलंस विचारलं तर म्हणाला, "म्हटलं, सापडलं."

त्याने आम्हाला एका लहानशा खानावळीत नेलं. तिथे डाम्फनूडल नावाचा प्रकार मिळतो. वाफेवर शिजवलेला पांढरा गोळा, चवीला गोडसर, बुडाशी मात्र खारट खरपूस पापुद्रा, आणि त्याबरोबर बटाट्याचं सार. गौरीने नाक मुरडलं. "गोडाबरोबर सूप?" मी म्हटलं, "पुरणपोळी कटाच्या आमटीत बुडवून खाणाऱ्यांच्या घरात जन्मलीस तू." यांनी बुडाचा खरपूस भाग सगळ्यांच्या ताटातून मागून घेतला.

"सर, माझं मत अजून तेच आहे," अमेय म्हणाला. "कुत्रा. गेनाऊ, म्हणजे नेमका त्या कोपऱ्यात. गाढवाचं तोंड तिकडे वळलंय बघा."

"मेंढपाळ आहे," हे म्हणाले.

"बाई?"

"शाई," मी म्हटलं.

अमेय हसला. "तो कोपरा काळा करता करता माझा कागद फाटला होता, सर. आठवतंय? मागच्या बाजूने चिकटपट्टी लावून दिला होता मी." मग थोडं बिचकत म्हणाला, "सर, खरं म्हणजे संग्रहालयाच्या साइटवर फोटो अगदी लहान आहे, कोपरा त्यातही काळाच दिसतो. पण मोठा स्कॅन मागवता येतो. स्क्रीनवर ब्राइटनेस वाढवला असता तर घरबसल्या समजलं असतं. तुम्हाला एवढा त्रास..."

"फोटोच बघायचा तर मिरजेचा काय वाईट होता?" हे म्हणाले. "त्या माणसाने ज्या कागदावर पत्रा दाबला, तो कागद बघायचाय मला."

निघताना अमेयने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तिथे उजेड खूप कमी असतो. कागदाला उजेड सोसत नाही म्हणून. सरांना दिसेल ना?" हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. उजेडाचं चित्र बघायला जायचं आणि तिथे उजेडच नाही, हे म्हणजे अन्नछत्रात जाऊन उपास घडण्यासारखं. पण तिकिटं काढलेली होती आणि यांनी आदल्या दिवशी सदरा स्वतः इस्त्री करून ठेवला होता. मी अमेयला म्हटलं, "दिसेल."

ऱ्हाईनच्या काठाने

कोलोनला जाताना गाडी बराच वेळ ऱ्हाईन नदीच्या अगदी कडेने जाते. हे खिडकीशी, मी समोर. पलीकडच्या तीरावर डोंगरउतारांवर द्राक्षाचे मळे, शिखरांवर पडके बुरूज, खाली पाण्यात संथ चाललेल्या लांब लांब मालवाहू बोटी. ऑक्टोबर होता. मळ्यांची पानं पिवळी पडली होती आणि आभाळ घोंगडीसारखं खाली आलं होतं.

चित्रातले ते उजेडाचे पट्टे मला नेहमी खोटे वाटत आलेत. उजेड काय असा पट्ट्यापट्ट्याने पडतो? आमच्या मिरजेत ऊन सरळ डोक्यावर पडतं आणि सगळ्यांना सारखं भाजून काढतं. त्यात कुणाची निवड नसते. मी यांना तसं अनेकदा ऐकवलंही होतं.

आणि मग एका वळणावर ढग मधोमध फाटले. उजेडाचे तीन-चार पट्टे तिरपे खाली उतरले आणि समोरच्या डोंगरावरचा एकच मळा उजळला. बाकी सगळा डोंगर जांभळट काळा आणि तो एक तुकडा पिवळाधमक. दोन माणसं तिथे काम करत होती, ती इतक्या लांबूनही दिसली. इथे सूर्य डोक्यावर चढतच नाही, बाजूने, ढगांच्या फटीतून वाट काढत येतो, हे मला तेव्हा कळलं. त्या कोरणाऱ्याने देव दाखवायला वेगळं काही मनाने रचलं नव्हतं. त्याने आपल्या गावचं हवामान कोरलं होतं.

"अहो, पट्टे खरे आहेत," मी म्हटलं.

"मग मी काय सांगत होतो?" हे म्हणाले. "डोळे किलकिले कर. बारीकसारीक सगळं जातं आणि नुसता काळा-पांढरा राहतो."

मी डोळे किलकिले केले. मळे गेले, माणसं गेली, एक पांढरा तुकडा आणि भोवती काळं राहिलं. डोळे उघडून बघते तर हे माझ्याकडे बघत होते.

"मला आता हे किलकिले न करताच दिसतं," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले. मला नाही हसू आलं. गौरीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

थोड्या वेळाने हे म्हणाले, "तिथे मला कोपऱ्यातलं दिसलं नाही तर तू बघायचंस. तू गणिताची आहेस म्हणून तुला सांगतोय. जे असेल तेच सांग. मला बरं वाटावं म्हणून मेंढपाळ घालू नकोस."

"आणि शाईच असेल तर?"

"तर शाई."

मी हो म्हटलं. खरं सांगते, हो म्हणताना माझ्या मनात आलं होतं की वेळ आलीच तर एक मेंढपाळ घालायला काय जातंय? काठी, घोंगडी, एक म्हातारा. कुणाचं काय बिघडतं? बोटी मागे पडत होत्या, पाऊस भुरभुरायला लागला होता आणि मी त्या मेंढपाळाला मनातल्या मनात कपडे घालत बसले होते.

कोलोन

संग्रहालयातल्या त्या खोलीचे नियम देवघराहून कडक. पिशव्या बाहेर कुलपात. पेन चालत नाही, पेन्सिल चालते. हात साबणाने धुऊन, कोरडे करून आत यायचं. यांना हे सगळं फार आवडलं. "सोवळं आहे," ते माझ्या कानात म्हणाले. खिडक्यांना पडदे ओढलेले होते आणि टेबलावर एक मंद दिवा. आत शिरताना यांनी माझा दंड धरला, तेव्हाच मी समजले की यांना खुर्चीसुद्धा दिसत नाहीये.

तिथल्या बाईंचं नाव फ्राऊ हाइनेमान. पिकलेले आखूड केस, आवाज अगदी हळू. त्यांनी एका सपाट पेटीतून जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला कागद दोन्ही हातांनी उचलला आणि आमच्यासमोर तिरप्या फळीवर ठेवला. मी जन्मभर भिंतीवर बघितलेलं चित्र, पण हे त्याचं कुणीच लागत नव्हतं. रेघ न् रेघ सुटी, केसासारखी. ढग खरोखर फाटलेले. कागद सायीच्या रंगाचा.

यांनी हात जोडले. मग पुढे वाकून बोटांची टोकं पुठ्ठ्याच्या कडेला लावली आणि ती डोळ्यांना लावली.

"बिट्ट निश्ट!" फ्राऊ हाइनेमान एवढ्या हळू आवाजातही दचकून म्हणाल्या आणि त्यांनी चौकट मागे ओढली. हात लावायचा नाही हा त्यांचा पहिला नियम, आणि गौरीने तो आम्हाला दोनदा सांगितला होता. गौरीचा चेहरा लाल झाला. ती घाईघाईने जर्मनमध्ये माफी मागायला लागली. मला वाटलं, संपलं. एवढा समुद्र ओलांडून आलो आणि आता हाकलून देणार.

त्या बाईंनी काहीतरी विचारलं. गौरी यांच्याकडे वळली. "बाबा, त्या विचारतायत, हे देवाचं चित्र आहे म्हणून तुम्ही तसं केलंत का?"

"नाही," हे म्हणाले. "कागद आहे म्हणून."

गौरीने ते जर्मनमध्ये सांगितलं. मग तिने आपणहून आणखी सांगितलं असावं, की आमच्याकडे कागदाला पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो, पुस्तक उघडण्याआधी कपाळाला लावतो. मग त्या बाईंनी चौकट पुन्हा फळीवर ठेवली, आधीपेक्षा बोटभर जवळ.

यांनी बघायला सुरुवात केली. मान पुढे, मान मागे, एक डोळा मिटून. उजेडाचे पट्टे यांना दिसत होते. "हे बघ, इथे त्याने काहीच केलेलं नाही," असं म्हणत ते दरीकडे बोट करत होते, हात न लावता. हळूहळू नजर खाली उजवीकडे आली आणि थांबली. बराच वेळ ते तिथेच बघत राहिले. मग म्हणाले, "मला काळंच दिसतंय."

गौरीने विचारलं, दिवा थोडा वाढवता येईल का, किंवा खिडकीपाशी नेता येईल का. फ्राऊ हाइनेमान यांनी मान हलवली. उजेड कागदाला खातो, त्या म्हणाल्या, आणि खाल्लेलं परत येत नाही. ते ऐकून हे लगेच म्हणाले, "नको नको. त्याचं जपायला हवं." मग बाईंनी खणातून जाड भिंग काढलं आणि यांच्यासमोर धरलं. यांनी त्यातून पाहिलं, नकारार्थी मान हलवली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"तू बघ. मी ऐकतो."

मी वाकले. उत्तरपत्रिका तपासताना मी वरच्या ओळीपासून सुरुवात करते, मधूनच कुठेतरी नजर टाकत नाही. कोपराही तसाच तपासला, डावीकडून उजवीकडे, मग खाली, पुन्हा डावीकडून. काठी नव्हती. घोंगडी नव्हती. कुत्र्याचा कान नव्हता, शिपायाचा भाला नव्हता. रेघा होत्या. तिरक्या रेघांवर उलट्या तिरक्या रेघा.

"आहे का?" यांनी विचारलं. आवाज असा, जसा दहावीच्या निकालाला आलेल्या पोराचा असतो.

माझा मेंढपाळ तयार होता. घोंगडीसकट. मी यांच्याकडे पाहिलं आणि मला तो घालवेना.

"नाही हो. कुणी नाही."

"झोपलेला वगैरे?"

"नाही."

इतक्या वर्षांचा वाद मी जिंकले होते आणि मला तो जिंकायचा नव्हता. काहीतरी करायचं म्हणून मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, अगदी कोपऱ्याच्या टोकाशी, जिथे कॅलेंडरवर सगळ्यात ठार काळं होतं. आणि मग मला ते दिसलं. इतका वेळ मी माणूस शोधत होते, म्हणून दिसलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "तिथे कुणी नाही. पण तिथे काळंही नाही."

"म्हणजे?"

"रेघा एकमेकींना छेदतात ना, त्या प्रत्येक चार रेघांच्या मधे एक पांढरा तुकडा सोडलाय. समभुज चौकोन. एकेक राईच्या दाण्याहून लहान. सगळ्या कोपऱ्यात आहेत. अगदी टोकापर्यंत."

"कोरे?"

"कोरे. शाई लागू दिलेली नाही त्याने."

"किती असतील?"

मी जन्मभर मोजण्याचंच शिकवलं. मी म्हटलं, "मोजता यायचे नाहीत."

हे मागे टेकून बसले. कॅलेंडरवाल्याच्या शाईने ते चौकोन बुजवून टाकले होते आणि आम्ही सगळे त्या बुजवलेल्या जागेवरून भांडत होतो. मला एकदम रडू आलं. यांच्या डोळ्यांत जो अंधार येणार आहे, तो मी मनात त्या कॅलेंडरसारखा धरला होता, ठार, एकसंध. त्याची मला फार भीती वाटते, हे मी तोवर कुणापुढे बोलले नव्हते. तिथे, त्या परक्या खोलीत, मी ते यांना सांगितलं. यांनी टेबलाखालून माझा हात धरला. फ्राऊ हाइनेमान यांनी पाठ वळवून पेटी आवरायला घेतली.

मग आम्ही ते चित्र नीट पाहिलं. उजेडाकडचं हे मला सांगत होते आणि अंधाराकडचं मी यांना. कड्याच्या पोटात मला एक वाळकं झुडूप सापडलं, बापाच्या जोड्याला बांधलेली दोरी सापडली. ते यांना आजवर माहीत नव्हतं. गौरी मधे बसून दोघांचं ऐकत होती. वेळ संपल्यावर यांनी पुन्हा हात जोडले, या वेळी लांबूनच, आणि फ्राऊ हाइनेमान यांनीही अडखळत, बोटं नीट न जुळवता, हात जोडले.

बाहेर पाऊस थांबून ऊन पडलं होतं. कॅथीड्रलसमोरच्या चौकात आम्ही बाकावर बसलो, तोच अमेयचा फोन आला. यांनी स्पीकर लावला.

"सर, कोण होतं?"

"कुणी नाही रे. बाईंचंच बरोबर निघालं."

मी म्हटलं, "शाईचंही नाही निघालं बरोबर."

"म्हणजे काय होतं तिथे?" अमेय गोंधळला.

यांनी उन्हाकडे तोंड केलं. "अमेय, तुझा कागद फाटला होता ना, तो कोपरा काळा करताना? तो दाबून भरायचा नव्हता. मी चुकीचं शिकवलं. पुन्हा काढ."

"आत्ता, सर?"

"सवडीने. आधी रेघा घाल, मग उलट्या रेघा."

"आणि कोपऱ्यात काय काढू?"

"काढू नकोस काही," हे म्हणाले. "थोडं थोडं सोड."